पाण्यातली सुटी दोरी

उलवे, १२ जानेवारी २०२६

अभिराम,

'अभिदादा' लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतं नाव. व्हॉट्सॲपवर तू ऑनलाइन दिसलास की माझं डोकं फिरतं, आणि तिथं अर्धा राग लिहून झाला की मेसेज सेंड होतो. मेलमध्ये निदान पूर्ण राग लिहिता येतो.

तुमच्या केव्ह डायव्हिंगच्या संस्थेनं अपघाताच्या अहवालाचा मसुदा आम्हाला पाठवलाय. त्यात म्हटलंय की मेक्सिकोतल्या त्या पाण्यानं भरलेल्या गुहेत एक नवरा-बायको आत असताना त्यांची परतीची दोरी तू गुंडाळून घेतलीस. चूक लक्षात आल्यावर रूपेशदादा मागं फिरला, त्यानं दोरी परत बांधली, ती दोघं तिला धरून बाहेर आली आणि माझा भाऊ आत राहिला. हा जबाब तू स्वतःच्या तोंडानं दिलायस. खाली विचारलंय, कुटुंबाला काही म्हणायचं आहे का? फेब्रुवारी संपेपर्यंत कळवा.

म्हणायचंय ना. याचं शिकवायचं लायसन्स कायमचं काढून घ्या आणि याला पुन्हा कुणाच्या मुलाला पाण्यात नेऊ देऊ नका, असं म्हणायचंय.

नोव्हेंबरमध्ये दादाची शवपेटी घेऊन तू आलास. दहाव्यापर्यंत आमच्याच घरी राहिलास. आईनं रडत रडत तुला ताट वाढलं, बाबांनी स्वतःची गादी तुला दिली. तेव्हा तोंड का नाही उघडलंस? आम्ही तुला दुसरा मुलगा समजून सांभाळत होतो आणि तू गुपचूप वरण-भात जेवत होतास. कसा गिळलास रे?

दादा द्रोणागिरीकडं जहाजांच्या बुडाखाली काम करायचा. शेवाळं खरवडायचा, पंख्यात अडकलेलं सोडवायचा, संध्याकाळी घरी यायचा. सुखात होता. ऐरोलीचा तू, चांगली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून डायव्हिंगचा मास्तर झालास, आणि मालवणला ओळख झाल्यावर त्याला गुहांच्या नादाला लावलंस. दिवाळीला घरी आलास की माझ्या चकलीला नावं ठेवून चार खायचास आणि बाबांना सांगायचास, काका, नियम पाळले की काही होत नाही. मग नियम तूच मोडलास? का उचललीस ती दोरी?

मला उत्तर हवंय. पटलं नाही तर मी काय लिहून पाठवणार ते वर वाचलंच आहेस.

सोनल

---

तुलूम, मेक्सिको, १५ जानेवारी

सोनल,

तू लिहिलंस ते सगळं मला लागू आहे. ताटाचं तर सगळ्यात जास्त.

उत्तर द्यायचं तर आधी दोरी म्हणजे काय ते सांगायला हवं. समुद्रात काही बिघडलं तर माणूस वर येऊ शकतो. गुहेत वर दगड असतो. तळाचा गाळ एकदा उठला की मोठा दिवा असूनही स्वतःचा हात दिसत नाही. अशा वेळी एक बारीक पांढरी दोरी बोटांत धरून बाहेर यायचं असतं, दुसरा रस्ता नाही. मुख्य वाटेवर ही दोरी कायमची बांधलेली असते. बाजूच्या फाट्याची दोरी मुद्दाम थोडी लांब सुरू करतात, म्हणजे चुकून कुणी तिकडं भरकटत नाही. ज्याला फाट्यात जायचं असेल त्यानं आपल्याजवळच्या रिळानं मधला तुकडा जोडायचा आणि येताना सोडवून न्यायचा.

जो बांधतो त्यानंच सोडवायची. दुसऱ्याच्या दोरीला हात लावायचा नाही. मी पहिल्या दिवशी पहिला धडा हाच शिकवतो.

जोडणी केली की तिथं आपलं नाव लिहिलेली प्लॅस्टिकची चकतीही अडकवायची, म्हणजे आत माणूस आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतं. त्या नवरा-बायकोनं चकती लावली नव्हती. पण चकती नाही म्हणजे माणूस नाही, असं कधी धरायचं नसतं. मी धरलं. दोरी सैल पडली होती, कुणीतरी विसरून गेलंय असं वाटलं. पाण्यात अशी सुटी दोरी सोडून जाणं बरं नाही, कुणाच्या पायात नाहीतर पंख्यात अडकेल, म्हणून उचलली.

एवढंच आहे. याहून चांगलं उत्तर असतं तर मी ते नोव्हेंबरमध्येच दिलं असतं.

काका-काकूंना जपा.

अभिराम

---

उलवे, २७ जानेवारी

अभिराम,

एवढंच आहे म्हणे. माझा भाऊ गेला आणि तुझं 'एवढंच आहे'.

इथं काय चाललंय ते ऐक. आमच्या मंडळानं सेक्टरच्या कोपऱ्यावर दादाचं होर्डिंग लावलंय. 'दोन जीव वाचवणारा आमचा वाघ, कै. रूपेश कान्हा घरत.' फोटो माझ्या लग्नातला, फेटा बांधलेला. पाठीमागच्या मैदानाला त्याचं नाव द्यायचं चाललंय. आई रोज सकाळी दूध आणायला जाते आणि त्या होर्डिंगच्या बांबूला हात लावून येते. आमचं जुनं गाव विमानतळात गेलं, देऊळ गेलं, आता तिला हात लावायला हाच बांबू उरलाय. बाबा मात्र त्या रस्त्यानं जात नाहीत. लांबचा वळसा घेतात.

बाबा तुझ्याबद्दल एक शब्द वाईट बोलत नव्हते, म्हणून मी मुद्दाम तुझा मेल त्यांना वाचून दाखवला. म्हटलं, कळू दे तुमच्या लाडक्याचं. सुट्या दोरीचं आलं तिथं मला थांबवलं. "परत वाच." मी परत वाचलं. "पंख्यान अडकंल, असा लिवलाय त्यानी?" मी म्हटलं हो. तर उठले आणि चप्पल न घालता खाली गेले. गेटवर रेतीचे ट्रक जातात, तिथं उन्हात उभे राहिले. वॉचमननं फोन केला तेव्हा मी जाऊन घेऊन आले. त्या दिवसापासून नीट जेवत नाहीत. माझ्याशीही बोलत नाहीत, जणू मीच काही केलंय.

बघ काय केलंस ते. एका माणसाला मारलंस, दुसऱ्याला अर्धमेला केलंस.

माझा मजकूर लिहून तयार आहे. नवऱ्यानं, रणजीतनं, इंग्रजी तपासून दिलंय. तोच म्हणाला, थोडं सौम्य कर. मी म्हटलं, तुझा भाऊ जाऊ दे, मग बोल. नंतर मला त्याची माफी मागावी लागली. इतकी वाईट झालेय मी.

सोनल

---

तुलूम, २९ जानेवारी

सोनल,

पाठव. मजकूर सौम्य करू नकोस. मी शिकवणं तसंही बंद केलंय. सध्या एका दुकानात सिलिंडर भरून देतो, पाण्यात जात नाही.

काकांना त्रास होत असेल तर माझे मेल त्यांना वाचून दाखवू नकोस. खरंच नको.

एक विनंती आहे. माझ्याबद्दल हवं ते लिही, पण अहवालातला रूपेशचा भाग बदलायला सांगू नकोस. त्याच्याबद्दल लिहिलंय ते शब्दाला शब्द खरं आहे. ते तसंच राहू दे.

अभिराम

---

उलवे, ११ फेब्रुवारी

अभिराम,

आज राग नाही. राग होता ते बरं होतं असं वाटतंय.

रविवारी बाबा म्हणाले, "चल, खाडीवर जाऊ." आमची होडी बांधायची जागा आता पत्र्याच्या कुंपणामागं आहे, म्हणून पुढच्या धक्क्यावर गेलो. ओहोटी होती. चिखलात कुणाचं तरी फाटकं जाळं पडलं होतं आणि त्याची नायलॉनची दोरी पाण्यात हलत होती. बाबा वाकले. गुडघे दुखतात त्यांचे, तरी वाकले, दोरी ओढून काढली, हाताला-कोपराला वेढे घेत गुंडाळली आणि कट्ट्यावर ठेवली. मग स्वतःच्याच हाताकडं बघत बसले.

म्हणाले, "ती दोरी अभिरामनी नाय उचलली. त्याला पान्यान दोरी दिसली त तो तिचा फोटो काढंल. सुटी दोरी बघून ज्याचा हात जाईल, तो आपलेच घरानला हाय."

मी म्हटलं, बाबा काय बोलताय. तर म्हणाले, "मीच शिकवलाय त्याला. पान्यान दोरी दिसली की उचलायची, कोनाची पन असू दे. तुझे काकाची होडी भरतीन अशीच अडकली व्हती, पंख्याला दोरी. तवापासून मी त्याचे मागं लागलेलो. एकदा तशीच टाकून आला म्हनून मारलाय मी त्याला."

सगळं एकदम आठवलं रे. दादा कुणाच्याही घरी गेला की चार्जरच्या वायरी गुंडाळून ठेवायचा. माझे इयरफोन इतके घट्ट गुंडाळायचा की मी ओरडायचे. गणपतीत आरती चालू असताना त्यानं मंडपामागची एक वायर सुटी पडलेली बघितली आणि गुंडाळायला घेतली, आणि सगळी लायटिंग गेली. अंधारात पोरं त्याला शिव्या घालत होती आणि तो म्हणत होता, "मना वाटला जुनी हाय." त्यावर आम्ही आठवडाभर हसत होतो.

आणि तुझ्या मेलमध्ये पंखा कुठून आला? गुहेत कुठली होडी आणि कुठला पंखा? ते वाक्य तुझं नाही. तू ते त्याच्या तोंडून ऐकलेलं असणार.

बाबांना हे पहिल्याच दिवशी कळलं. माझ्याशी बोलत नव्हते ते एवढ्यासाठी की बोलले असते तर हेच बोलले असते.

अभिराम, खरं सांग. या वेळी लपवू नकोस. माझ्या बापाच्या पोटात जे आहे ते खरं की खोटं, एवढं सांग.

सोनल

---

तुलूम, १३ फेब्रुवारी

सोनल,

खरं आहे.

आम्ही आणखी आतल्या एका फाट्यात गेलो होतो. परत येताना मी पुढं, रूपेश मागं. मागच्यानं आपली जोडणी सोडवायची असते, म्हणून आमचं रीळ त्यानं गुंडाळलं, बरोबर होतं. बाहेरच्या अंगाला अजून एक फाटा लागतो. मी तो ओलांडून गेलो. वळून बघितलं तर त्याचा दिवा एका जागी थांबलेला आणि हात फिरतोय. मला वाटलं, आमच्याच रिळाचा गुंता सोडवतोय. मी दिव्यानं गोल काढून विचारलं, ठीक? त्यानं गोल काढून सांगितलं, ठीक. चार हात मागं जाऊन बघायला हवं होतं. मी त्याचा मास्तर होतो. गेलो नाही. त्यामुळं मी संस्थेच्या समितीला खोटं सांगितलं असं मला पूर्ण वाटतही नाही.

गुहेच्या तोंडाशी आलो, बाहेरचा हिरवा उजेड दिसायला लागला, तेव्हा त्याच्या कमरेला दोन रिळं दिसली. मी बोट दाखवलं. त्यानं खाली बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मला काही सांगावं लागलं नाही, सोनल. मास्कमधून मी त्याचे डोळे बघितले आणि अजून रोज बघतो.

आमच्यात अंगठा वर केला की डाइव्ह संपतो. कुणीही करावा, कारण सांगायचं नसतं, समोरच्यानं ऐकायचंच असतं. आत जाऊन येण्याइतकी हवा त्याच्याजवळ होती, पण कुणाला शोधत बसण्याइतकी नव्हती. माझ्याजवळ तेवढीही नव्हती. मी अंगठा वर केला. त्यानं बघितला आणि वळला. जाताना मला तळहात दाखवला, तू थांब. मी थांबलो. मी त्याच्या मागं गेलो असतो तर आणखी एक मढं झालं असतं, हेही आमच्याच नियमात लिहिलंय. नियम बरोबर आहे. मला त्याचा काही उपयोग होत नाही.

पुढचं मला त्या बाईनं सांगितलं. दोरी सापडेना म्हणून दोघं भिंत चाचपत होती, गाळ उठलेला, काही दिसत नव्हतं. अचानक कुणीतरी तिचा हात पकडला, त्यात दोरी ठेवली आणि वरून बोटं मिटली. मग नवऱ्याचा हात तिच्या दंडावर ठेवला आणि दोघांना पुढं ढकललं. ती दोघं माझ्याजवळ पोचली. मी वाट बघितली. पुन्हा नवीन सिलिंडर घेऊन आत गेलो तेव्हा तो दोरीवरच होता. दोरी हातात होती. फक्त हवा नव्हती.

पंख्याचं म्हणशील तर तो नेहमी म्हणायचा, "दोरी तशीच सोडली त कोनाचे तरी पंख्यान जाईल." मी त्याला समजावलं होतं की इथं उलटं आहे, इथं दुसऱ्याची दोरी म्हणजे दुसऱ्याचा जीव. त्याला कळलंही होतं. परीक्षेत अचूक सांगितलं त्यानं. पण डोकं शिकलं तरी हात लहानपणचाच असतो, आणि हे मला मास्तर म्हणून ओळखता यायला हवं होतं.

खोटं का बोललो? दहाव्याच्या दिवशी काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि विचारलं, "माझे पोराची काय चूक नव्हती ना रे?" मी म्हटलं, नाही काकू. त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. मग इथं येऊन समितीला तेच सांगितलं, जे काकूंना सांगितलं होतं.

हे तुझ्याजवळच ठेव. माझं लायसन्स गेलं तर जाऊ दे, मला ते नकोच आहे. त्याचं होर्डिंग राहू दे. कुणाचं काय बिघडतं?

अभिराम

---

उलवे, २६ फेब्रुवारी

अभिदादा,

तुझा मेल आला त्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही. दादाच्या कपाटासमोर बसून राहिले. तो मूर्ख होता, तो देव होता, असं आलटून पालटून म्हणत होते. शेवटी तो दादाच होता आणि आता नाही, एवढंच उरलं. इतकं रडले की शेजारच्या राजश्रीवहिनी दार वाजवायला लागल्या.

कुणाचं काय बिघडतं, असं तू विचारलंस. मी खूप विचार केला. अहवालात 'बेफिकीर मास्तरानं दोरी उचलली' असं छापलं तर वाचणारा प्रत्येक जण म्हणणार, मी नाही बाबा बेफिकीर. आणि पान उलटणार. पण दादा बेफिकीर नव्हता. त्यानं ती दोरी काळजीनं उचलली. कुणाला अडकू नये म्हणून उचलली. जगात असे खूप हात असणार, कोळ्यांचे, खलाशांचे, टापटिपीच्या माणसांचे. त्यांना आधी सांगायला नको का, की बाबा रे, तुझ्या या चांगल्या सवयीनं आत माणूस मरू शकतो? तूच म्हणायचास की तुमचे सगळे नियम कुणीतरी मेल्यावर, मागच्यांनी खरं सांगितल्यावर झालेत. मग दादाच्या वेळेलाच खोटं का?

बाबांना विचारलं. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "लिव. बापानी मारून शिकवला व्हता, तेवी लिव." मी म्हटलं, बाबा, ते नाही लिहिणार. तर म्हणाले, "लिव म्हनतो ना." लिहिलंय. 'लहानपणापासूनच्या कडक शिकवणीमुळे' असं लिहिलंय, त्यांना वाचून दाखवताना मारल्याचंच वाचलं.

राहिली आई. तिला न सांगता पाठवायचं मनात होतं. पण उद्या कुणीतरी इंटरनेटवर वाचून तिला होर्डिंगखाली गाठलं असतं. काल दुपारी ती वाल सोलत होती. बाबा समोर बसले, मी सांगितलं. दोन रिळं, तुझा अंगठा, त्या बाईचा हात, सगळं.

तिचे हात थांबले नाहीत. मला वाटलं तिला कळलंच नाही. मग म्हणाली, "मी अभिरामला चुकीचा विचारला. चूक नव्हती ना, असा विचारल्यावर पोरगा काय बोलनार? त्याचे तोंडान खोटा मीच घातला. त्याला सांग, काकू बोलली, आता तो वजा डोक्यावर घेऊ नको."

मग म्हणाली, "परत बांधली ती दोरी घट्ट व्हती?"

"घट्ट होती, आई. दोघं तिलाच धरून आली."

"ती बाय बरी हाय आता?"

मी हो म्हटलं. तेव्हा तिनं परात बाजूला सारली आणि पदर तोंडात कोंबला. नोव्हेंबरपासून ती रडत होती, पण तशी नाही. बाबा उठून तिच्याजवळ जाऊन बसले. मी पण बसले. बऱ्याच वेळानं मी विचारलं, मग काय करू आई, पाठवू का? नाहीतर नुसतं त्यानं वाचवलं एवढंच राहू देऊ?

ती म्हणाली, "दोनी लिव. चूक केली ती लिव आनि भरली ती लिव. एकच लिवशील त माझा पोर अर्धाच राहील. मना आख्खा पायजे."

मी दोन्ही लिहिलं, अभिदादा. आत्ताच पाठवलं.

सोनल